वैऱ्यांच्या वेढ्यात रक्षणाची प्रार्थना: खानापूर तालुक्यातील एका घराचे प्रकरण

प्रकरणाविषयी थोडे

हे प्रकरण खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात घडले. घरच्यांच्या संमतीने ते येथे मांडले असून गावाचे व माणसांचे नाव, तसेच ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घरातील वडीलधाऱ्या विधवा बाईंना येथे ‘आक्का’ म्हटले आहे. हरिपाठाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे त्या गावी जाणे-येणे असल्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकता आले. देवाने या घराचे रक्षण केले की नाही, याचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. तो कोणी करूही नये. चहूबाजूंनी वैर अंगावर आलेले घर देवाकडे नेमके काय मागते आणि त्या मागण्यामुळे त्याच्या पुढच्या निर्णयांना कसे वळण लागते, एवढेच पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

गाव मलप्रभेच्या वरच्या खोऱ्यातले, दणकून पावसाचे. शेती भाताची, बांधाला काजू आणि फणस. आक्कांचे माहेर सीमेपलीकडचे, चंदगड तालुक्यातले. यजमान वारकरी, माळकरी. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगा बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत पाळीने कामाला जाई. घरी सून आणि लहान नातू.

वाद जमिनीचा होता आणि तो भाऊबंदकीतला होता. आजेसासऱ्यांच्या काळात वाटणी झाली ती तोंडी. उताऱ्यावर नावे एकत्रच राहिली, कसणूक मात्र ज्याची त्याची वेगळी. आक्कांच्या शेताला जाणारी वाट चुलत दिरांच्या शेतातून होती आणि दोन शेतांच्या मध्ये काजूच्या झाडांची एक पट्टी होती, जिच्यावर दोन्ही घरे हक्क सांगत. यजमान असेपर्यंत ही पट्टी कोणाची हे कोणी विचारले नाही, कारण काजू उतरले की दोन टोपल्या इकडे आणि दोन टोपल्या तिकडे जात असत.

बेळगाव जिल्ह्यातील भांडण म्हटले की बाहेरच्या वाचकाच्या मनात लगेच सीमाप्रश्न उभा राहतो. येथे त्याचा काडीइतकाही संबंध नव्हता. दोन्ही बाजू मराठी, एकाच आडनावाच्या, एकाच कुळदैवताच्या आणि एकमेकांचे सुतक पाळणाऱ्या होत्या. उलट पुढे जे वकील या घराच्या मदतीला आले त्यांची मातृभाषा कन्नड होती, आणि कन्नडमधला उतारा ओळीओळीने मराठीत समजावून देणारेही तेच.

अडचण

२०१८ च्या मृगात पेरणीला निघाल्यावर वाटेवर काट्यांचे कुंपण आढळले. विचारणा केली तेव्हा तिघा चुलत दिरांपैकी मधल्याने, वाट आमच्या शेतातली आहे आणि ती आम्ही देऊ तेव्हाच मिळेल, असे सांगितले. त्यानंतर गोष्टी एकामागून एक घडत गेल्या. रोप लावणीच्या वेळी पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने कामाला, येणाऱ्या बायकांनी निरोप पाठवला की यंदा जमणार नाही. किराणा दुकानात उधारी बंद झाली. बस थांब्यावर मुलाला, पाळी सुटल्यावर रात्रीचा एकटा येतोस, जपून ये, असे हसत सांगण्यात आले. हसत सांगितलेल्या धमकीची तक्रार कशी करायची, हे त्याला कळेना.

मात्र आक्कांच्या जिव्हारी लागले ते वीण्याचे प्रकरण. गावच्या सप्ताहात वीणा अहोरात्र खाली ठेवायची नसते. घराघरातील माणसे पहाऱ्याने ती गळ्यात घेऊन उभी राहतात आणि कोणाचा पहारा कधी, याचा कागद देवळाच्या खांबाला चिकटवलेला असतो. पहाटे तीन ते चारचा पहारा, जो एरवी कोणाला नको असतो, तो या घराकडे पिढ्यान्पिढ्या होता. यजमानांनंतर एक वर्ष मुलगा उभा राहिला होता. त्या वर्षीच्या कागदावर त्या ओळीत चुलत्यांच्या घरचे नाव होते, आणि ते लिहिताना जुने नाव खोडण्याचीसुद्धा तसदी कोणी घेतली नव्हती, कारण कागदच नवा होता.

त्या दिवसापासून आक्का म्हणू लागल्या की सारा गाव उलटला आहे. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढचे बरेच काही त्यावरच फिरले.

समोर असलेले पर्याय

घरात पर्यायांची चर्चा अशी बसून कधी झाली नाही. जो येईल तो आपला उपाय सांगून जात असे. आक्कांच्या भावाचे म्हणणे होते की चंदगडहून माणसे घेऊन यावे आणि कुंपण उपटून टाकावे. त्यांनीच असेही सांगितले की वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. तो आहे खरा, पण २०१६ चा तो कायदा महाराष्ट्राचा. सीमेच्या अलीकडे त्याचा आधार घेता येत नव्हता आणि तसा स्वतंत्र कायदा तेव्हा कर्नाटकात नव्हता. सीमाभागातील माणसांचा असा घोळ नेहमी होतो, कारण नातीगोती, वर्तमानपत्रे आणि बातम्या पलीकडच्या, कचेरी मात्र इकडची.

मुलाचा कल बेळगावात भाड्याची खोली घेऊन निघून जाण्याकडे होता. शेजारच्या एका म्हाताऱ्याने देवळात दोन्ही बाजूंना शपथ घ्यायला लावावी असे सुचवले. त्याला समोरची बाजू तयार होणार नाही हे उघड होते. सुनेला पोलीस ठाणे आणि तहसीलदार कचेरी हा मार्ग दिसत होता, पण सुनेचे बोलणे त्या वेळी कोणी फारसे मनावर घेतले नाही. आणि आक्कांचा मार्ग होता देवाचा. त्यातही दोन वाटा होत्या, आणि त्या दोन्ही एकच आहेत असे सुरुवातीला सगळ्यांनाच वाटत होते: एक, आमचे रक्षण कर म्हणणे, दुसरी, त्यांचे वाटोळे कर म्हणणे.

पहिला निर्णय: दगडफेकीची रात्र

श्रावणातल्या एका रात्री छपरावर दगड पडले. देवघरावरची कौले फुटली आणि पावसाचे पाणी थेट समईवर येऊ लागले. मुलाने दारामागची कोयती उचलली. आक्का उठल्या आणि उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून, अशा बेताने बसल्या की बाहेर जायचे तर आईला ओलांडूनच जावे लागेल. त्यांनी मोठ्याने रामरक्षा सुरू केली. रामरक्षेत मस्तकापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे नाव घेऊन रक्षण मागितलेले आहे, आणि ज्याला ती पाठ आहे त्याचे ध्यान आपोआप त्या त्या अवयवावर जाते. मुलाने नंतर सांगितले की आई ‘भुजौ’पर्यंत आली तेव्हा आपल्या हातात काय आहे हे त्याला जाणवले. एक आवर्तन संपले, दुसरे झाले, तिसऱ्याच्या मध्यावर त्याने कोयती खाली ठेवली. बाहेरची माणसे तोवर निघून गेली होती.

या रात्रीविषयी लेखकाचे मत स्पष्ट आहे. त्या प्रार्थनेने रक्षण कोणाचे केले असेल तर ते आधी बाहेर उभ्या असलेल्यांचे, आणि मग जन्मभर खुनाच्या खटल्याच्या फेऱ्या घालाव्या लागल्या असत्या त्या मुलाचे. रागाचा भर ओसरेपर्यंतचा वेळ तिने मिळवून दिला, आणि भाऊबंदकीच्या भांडणात मुडदे पडतात ते त्या तेवढ्याच वेळात पडतात.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे झाले ते तितकेसे चांगले नव्हते. फुटकी कौले गोळा करून उकिरड्यावर टाकण्यात आली. फोटो काढला नाही, ठाण्यात गेले नाही, पंचायतीतही कळवले नाही. देवाने राखले, आता बोभाटा कशाला, असे आक्कांचे म्हणणे पडले. या गप्प बसण्याचा अर्थ समोरच्यांनी आपल्या सोयीने लावला, आणि गणपती येईपर्यंत काजूच्या पट्टीतला हद्दीचा दगड जागचा हलला होता. तो कधी हलला हे कोणालाच सांगता येत नव्हते. कोर्टात पुढे सर्वांत अडचणीचा ठरलेला प्रश्न हाच.

दुसरा निर्णय: नारळ ठेवायचा की नाही

दगड हलल्याचे कळल्यावर घरातला सूर पालटला. या भागात देवाला गाऱ्हाणे घालण्याची रीत जुनी आहे. देवळात गुरवामार्फत नारळ ठेवून आपली फिर्याद देवापुढे मांडायची. गाऱ्हाण्यात न्याय मागता येतो आणि नाव घेऊन एखाद्याचे वाईटही मागता येते. आक्कांच्या एका नणंदेने दुसऱ्या प्रकारचा आग्रह धरला. तिघांची नावे घ्यायची, आणि वर्षाच्या आत त्यांच्या घराला उतरती कळा लागली पाहिजे असे मागायचे. त्यासाठी दुसऱ्या गावातला एक जाणता माणूसही तिने पाहून ठेवला होता.

येथे सून पहिल्यांदा ठामपणे बोलली. “आत्या, उद्या त्यांच्या पोराला ताप आला तर अख्खा गाव आपल्या नारळाकडे बोट दाखवील. आज आपल्यावर अन्याय झालाय हे निदान चार माणसांना ठाऊक आहे. नारळ ठेवला की करणी करणारे आपणच ठरू.” तिचे बोलणे कायद्याच्या अंगानेही खरे होते, अमानुष प्रथा आणि काळी जादू यांविरुद्धचा कर्नाटकाचा कायदा २०१७ मध्येच मंजूर झालेला होता. पण आक्कांना पटले ते कायद्यामुळे नव्हे. त्यांनी एवढेच विचारले, की पोराचे नाव घ्यायचे नाही, बापाचे घ्यायचे, मग ताप पोराला का येईल? आणि स्वतःच उत्तर दिले, की घर बुडायला निघाले की आधी लेकरेच बुडतात. नारळ ठेवला गेला नाही.

दिवाळीच्या सुमारास मधल्या दिराचा मुलगा डेंग्यूने खरोखरच आजारी पडला आणि त्याला बेळगावला दवाखान्यात ठेवावे लागले. नारळ ठेवलेला असता तर या प्रकरणाचा शेवट काय झाला असता, हे वेगळे लिहिण्याची गरज नाही.

तिसरा निर्णय: शनिवारचे पठण

नारळ टळला, पण काहीतरी मोठे करावे ही ओढ राहिली. माहेरच्या माणसांच्या सांगण्यावरून दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात रामरक्षा आणि मारुतिस्तोत्राचे सामुदायिक पठण सुरू झाले. चंदगडहून जीप भरून माणसे येत. पठण संपल्यावर जयजयकार होई आणि तो कोणत्या घराच्या दिशेला तोंड करून होई, हे सांगायला नको. तिसऱ्या शनिवारी देवळाच्या पायऱ्यांवर बाचाबाची झाली, एकाचा सदरा फाटला, आणि देऊळ आठ दिवस बंद ठेवण्याची वेळ पंचांवर आली.

आश्चर्य म्हणजे शब्द तेच होते. उंबऱ्यावर बसून म्हटलेल्या रामरक्षेने हातातली कोयती खाली ठेववली आणि देवळातल्या त्याच रामरक्षेने भांडण पेटवले. फरक ऐकणारा कोण, यात होता. घरात ती देवाला ऐकवली जात होती, देवळात शेजाऱ्याला. या पठणामुळे एक नुकसान आणखी झाले: जी घरे आजवर तटस्थ होती, त्यांना कोणती तरी बाजू घेणे भाग पडले, आणि देऊळ बंद पडल्याचा राग साहजिकच आक्कांच्या घरावर निघाला.

चौथा टप्पा: उपवास आणि दवाखाना

पठण थांबल्यावर आक्कांनी निर्जळी उपवास धरला. तुकोबांनी गाथेसाठी इंद्रायणीकाठी तेरा दिवस धरणे धरल्याची कथा त्यांच्या तोंडी होती. त्यांना मधुमेह होता आणि गोळ्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना घेरी आली आणि मुलाने त्यांना बेळगावला हलवले. उपवासाचा निर्णय कोणाला विचारून झाला नव्हता आणि तो कोणी थोपवलाही नाही. घरातील बाईचा उपवास हा तिचा स्वतःचा विषय मानला जातो, म्हणून प्रकृतीचा प्रश्न विचारायला कोणी धजत नाही.

दवाखान्यात मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. तेथील परिचारिका मराठी ख्रिस्ती होत्या. रात्रपाळीत आक्का जप करताना दिसल्या तेव्हा त्यांनी चौकशी केली आणि सगळे ऐकून घेतल्यावर त्यांच्याकडच्या स्तोत्रसंहितेतील तिसऱ्या स्तोत्राची हकीकत सांगितली. दावीद राजावर त्याचाच मुलगा अबशालोम उठला आणि राजाला यरुशलेम सोडून पळावे लागले, त्या वेळचे ते स्तोत्र. माझे शत्रू किती वाढले आहेत, या आक्रोशाने ते सुरू होते, आणि मध्यावर तो म्हणतो की मी अंग टाकले आणि झोपी गेलो. आक्कांना त्यातले वैऱ्यांचे काही वाटले नाही. झोप लागली, याचे वाटले. त्यांना कित्येक रात्री झोप नव्हती.

या कथेचा पुढचा भाग बायबलातील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे आणि तो प्रकरणाच्या दृष्टीने अधिक कामाचा आहे. दावीदाचा चतुर मंत्री अहीथोफेल मुलाला जाऊन मिळाला होता. राजाने प्रार्थना केली ती त्याची मसलत फसावी एवढीच. आणि त्याच वाटेवर, डोंगराच्या माथ्यावर, आपला मित्र हूशय याला ती मसलत हाणून पाडण्यासाठी नगरात परत पाठवले. शिवाय सेनापतींना बजावले की मुलाला सांभाळून घ्या. मागणे, माणूस पाठवणे आणि वैऱ्याच्या जिवाची काळजी, ही तिन्ही कामे त्या राजाने एकाच पळापळीत केली. संध्याकाळी दिवा लावताना आपल्याकडेही शत्रूच्या बुद्धीचा विनाश मागतात, शत्रूचा नव्हे, हे आक्कांना तेथे कोणी सांगावे लागले नाही.

पाचवा निर्णय: दिशांची वही

आक्का घरी आल्या तेव्हा नवरात्र जवळ आले होते. शेजारच्या गावचे एक कीर्तनकार महाराज त्यांना भेटायला आले. आक्कांनी त्यांना विचारले की कोणते स्तोत्र म्हणू, म्हणजे हा वेढा उठेल. महाराजांनी नवे काही दिले नाही. देवीकवच त्या दर नवरात्रात म्हणतच होत्या. त्यात पूर्वेला ऐंद्री, आग्नेयेला अग्निदेवता, दक्षिणेला वाराही, अशी एकेका दिशेला एकेक देवता रक्षणाला उभी केली आहे. महाराज म्हणाले, “देवीला दिशा सांगता, मग त्या दिशेला कोण आहे तेही एकदा बघा. सुनबाईला लिहायला सांगा.”

सुनेने नातवाच्या जुन्या वहीत घराभोवतीच्या आठ दिशा लिहिल्या आणि प्रत्येक दिशेला कोणाची घरे, त्यांनी काय केले, कधी केले, हे आठवून लिहिले. हे काम दोन संध्याकाळी चालले. पूर्वेच्या तीन घरांनी काहीच केले नव्हते. ती फक्त बोलत नव्हती. उत्तरेच्या एका घराने लावणीला नकार दिला होता, पण कारण खरे होते, त्यांच्याकडे बाळंतपण होते. दुकानदाराने उधारी सगळ्या गावाचीच बंद केली होती. नैर्ऋत्येला चुलत दिरांची तिन्ही घरे, आणि त्यांतही थोरला दीर शिवीगाळीच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता. उरले दोघे भाऊ आणि त्यांच्याबरोबर फिरणारी दोन तरुण मुले. सारा गाव म्हणून ज्याची धास्ती घेतली होती ती चार माणसे निघाली.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय लेखकाच्या मते हाच, आणि तो कचेरीत नव्हे तर देव्हाऱ्यासमोर झाला. भीतीला दिशा नसते तेव्हा ती आठही दिशांनी येते. कवच म्हणताना दिशा एकेक करून येतात, आणि प्रत्येक दिशेवर मनाला थांबावे लागते. तक्रारीत गावाऐवजी चार नावे आली ती या वहीमुळे. आणि वहीत तारखा असल्याने, पहिल्या रात्रीची तक्रार न केल्याची उणीव काही अंशी तरी भरून निघाली.

त्याच वहीतून दुसरेही एक माणूस सापडले. चुलत दिरांची वृद्ध आई, जिला गावात ‘थोरली आई’ म्हणत, ती आक्कांच्याच माहेरगावची होती आणि आक्कांचे लग्न तिनेच जुळवले होते. नैर्ऋत्येच्या रकान्यात तिच्या नावासमोर सुनेने काहीच लिहिलेले नव्हते, कारण लिहिण्यासारखे तिने काही केले नव्हते. भागवताच्या सहाव्या स्कंधात नारायणकवचाची कथा येते. असुरांनी जेरीस आणलेल्या इंद्राला हे कवच शिकवतो तो विश्वरूप, आणि त्याची आई दैत्यकुळातली असते. महाराजांनी हे सांगितले आणि पुढे काही न बोलता ते चहा घेऊन निघून गेले.

केलेली कारवाई

यापुढचा भाग कोरडा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. सुनेने मुलाला बरोबर घेऊन चौघांविरुद्ध लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. पोलिसांच्या अहवालावरून तहसीलदारांनी, तालुका दंडाधिकारी या नात्याने, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली चौघांना बोलावले आणि वर्षभर शांतता राखण्याचे जामीनपत्र लिहून घेतले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडून तो मिळाला. वकिलांनी सांगितले की वाटेचा आणि पट्टीचा प्रश्न वेगवेगळा करा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षे उघड आणि अखंड वहिवाट असेल तर वाटेचा हक्क सिद्ध करता येतो, आणि तिथे साक्षीदार भरपूर होते. पट्टीचे मात्र मोजणीशिवाय काही खरे नव्हते. म्हणून हद्दबस्तीसाठी, म्हणजे मोजून हद्द ठरवून घेण्यासाठी, अर्ज वेगळा गेला. खानापूरच्या कोर्टातून वाट अडवू नये असा तात्पुरता मनाई हुकूम मिळाला.

पण हुकूम हातात येण्यापूर्वीच भात पिकून उभे होते आणि आभाळ भरून आले होते. आक्का एके दिवशी दुपारी, तिन्ही दीर शेतावर असताना, थोरल्या आईकडे गेल्या. काय बोलणे झाले ते दोघींनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी थोरल्या आईने आपल्या नावच्या तुकड्यातून, जरा वळसा पडेल अशी, वाट मोकळी करून दिली आणि मळणीला आपले खळे दिले. मुलांनी आरडाओरडा केला तेव्हा ती खळ्यावर घोंगडी टाकून बसून राहिली. भात घरी आले.

परिणाम

जामीनपत्रानंतर दगड पडणे थांबले. वाट कायमची खुली झाली. मोजणीत काजूची पट्टी जवळजवळ निम्मी चुलत दिरांच्या बाजूची निघाली. आक्कांच्या घराला हे अनपेक्षित होते, कारण संपूर्ण पट्टी आपली असे ते मनापासून मानत होते. उरलेल्या निम्म्यासाठीचा दावा हे लिहीपर्यंत चालू आहे आणि हलवलेल्या दगडाच्या तारखेवरच तो अडकला आहे. पैऱ्याची माणसे हळूहळू परत आली. मधल्या दिराचे बोलणे आजही नाही, पण त्याचा मुलगा दवाखान्यात असताना आक्कांची सून दोनदा डबा घेऊन गेली होती, आणि तो डबा परत पाठवला गेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट अर्थातच दगडफेकीच्या सकाळची. प्रार्थना आणि तक्रार यांत निवड करावी लागते, असा समज त्या घरात होता; तक्रार केली तर देवावरचा विश्वास उणा पडला असे होईल, असे आक्कांना खरोखर वाटत होते. गजेंद्रमोक्षाची कथा सांगून काही जण या समजाला खतपाणी घालत होते. त्या कथेतला हत्तीसुद्धा आधी आपले सगळे बळ लावतो आणि मग धावा करतो, हे सांगणाऱ्याला सोयीस्करपणे आठवत नाही. फुटक्या कौलांचा एक फोटो आणि ठाण्यातली एक पोच एवढ्याने हद्दीचा दगड हलल्याची तारीख ठरवता आली असती.

दुसरी गोष्ट शनिवारच्या पठणाची. बाहेरगावची माणसे आणून केलेली प्रार्थना शक्तिप्रदर्शन ठरणार, हे गावात राहणाऱ्या कोणालाही आधी सांगता आले असते. पण विचारले कोणालाच नाही. घरातल्या घरात, किंवा दोन शेजारणींना बोलावून केलेले पठण चालले असते आणि त्याने तटस्थ घरांपैकी एखादे जवळही आले असते. देवळातच करायचे होते तर समोरच्या घराला बोलावण्याचे धाडस करायला हवे होते. ते सोपे नाही, आणि कदाचित ते आलेही नसते.

उपवासाबाबत मधुमेह असलेल्या माणसाने निर्जळी धरू नये हे डॉक्टर सांगतातच. पण आक्कांनी ते डॉक्टरांचे ऐकले नाही, महाराजांचे ऐकले. एक वेळचे अन्न सोडून त्याचे धान्य एखाद्याला द्यावे, असा पर्याय त्यांनी दिला. हा निरोप उपवासाच्या आधी पोहोचायला हवा होता. अशा घरात ज्याचा शब्द चालतो त्या माणसाला लवकर गाठणे, हे मदत करणाऱ्याचे पहिले काम आहे. कायद्याचा सल्ला त्यानंतर द्यावा.

नातवाकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. दगडफेकीनंतर तो अंधारात एकटा जाईनासा झाला आणि अंथरूण ओले करू लागला. घरात रोज रामरक्षा होत होती, पण ती मोठ्या माणसांच्या काळजीची होती. त्या आवाजाबरोबर मुलाला ती रात्रच आठवत असे. शाळेतल्या बाईंच्या हे लक्षात आले तोवर वर्ष उलटून गेले होते. त्यांच्या सांगण्यावरून आता त्याला रात्री स्तोत्राऐवजी गोष्ट सांगतात, आणि रामरक्षा तिन्हीसांजेला, तो अंगणात खेळत असताना होते.